आईचं नाव

किटुई, केनिया

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

मी खुशाल आहे. टीव्हीवर दाखवले ते मोर्चे नैरोबीचे, इथे सगळं शांत आहे. चपातीला इथेही चपातीच म्हणतात, त्यामुळे आई, खाण्याचे हाल होतात असं मनात आणू नकोस.

एक मात्र अजून अंगवळणी पडत नाही. यांचं घड्याळ दिवस उगवल्यापासून चालतं. सकाळी सात म्हणजे इथल्या स्वाहिली भाषेत ‘सा मोजा’, एक वाजला. दहा वाजले की चार. हातातलं घड्याळ दहा दाखवतं आणि माणूस तोंडाने चार म्हणतो! संध्याकाळी सातला पुन्हा एक. विषुववृत्त जवळ, वर्षभर सूर्य जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून जमतं. आजोबांचं ‘दिवस कासराभर वर आला’ तसंच हे.

बाबा, वकील होऊन तिथे काय करतेस, विचारलंत. कोर्टात उभं राहायला इथली सनद लागते. मी पाणी समित्यांचे पोटनियम लिहायला मदत करते. 2010 च्या घटनेप्रमाणे निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या मंडळात दोन तृतीयांशाहून जास्त पुरुष नकोत. कागदावर बायकांची नावं येतातही. पण सभा दहाला, आणि तेव्हा बाया नदीवर. म्हणून परवाची सभा कोरड्या नदीतच घेतली, वाळू अडवणाऱ्या बंधाऱ्यापाशी. एक बाई झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीने वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये भरत होती. हात न थांबवता तिने विचारलं, तुझ्या आईच्या नावावर जमीन आहे का?

मला उत्तर देता आलं नाही.

पंधरा हजार पाठवलेत. बोअरचा हप्ता भरा, उरतील त्यातून आईचे गुडघे दाखवा. मी तिथे असते तर मीच नेलं असतं. कराडच्या स्थळाला एवढ्यात शब्द देऊ नका, दिवाळीला येते तेव्हा बोलू. गेल्या दिवाळीलाही हेच म्हणाले होते, माहीत आहे. या वेळी तिकीट काढलंय.

आणि बाबा, रागावू नका. रात्रीच्या पाळीला दारं आई धरते, पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पाणी वापर संस्थेत ती सभासद नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत तिचं नाव तुमच्या नावाशेजारी लागतं. अर्ज लिहून दादाच्या फोनवर पाठवलाय. तुमची सही तेवढी हवी.

तुमची लेक