चायनीज ‘हर्बल’ खोकल्याची औषधं : झाडपाल्याचं म्हणून बिनधास्त घेऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी कोपरखैरण्यात एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. थंडी सुरू झाली, हवेत धूळ वाढली आणि रात्री एमआयडीसीच्या बाजूने तो वास यायला लागला की काउंटरवर खोकला, घरघर, धाप एवढंच चालू असतं. हल्ली त्यात अजून एक भर पडलीये, लोक मोबाइलवर फोटो दाखवतात किंवा सरळ बाटलीच घेऊन येतात, मॅडम हे चायनीज हर्बल आहे, भाच्याने हाँगकाँगहून आणलंय, आईच्या दम्याला चालेल ना, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, झाडपाल्याचं आहे म्हणजे साइड इफेक्ट काही नसणार. या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय.

चिनी वैद्यक थोतांड आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, उलट त्यांच्या काही औषधी खरंच काम करतात आणि काळजी त्याचीच आहे. माहुआंग नावाचं झुडूप आहे, म्हणजे इफेड्रा. साधारण 1800 वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या वैद्याने लिहिलेला काढा अजून दिला जातो, त्यात माहुआंग, जर्दाळूच्या कडू बिया, जिप्सम आणि आपलं ज्येष्ठमध एवढंच असतं. या माहुआंगमधून 1885 साली जपानच्या नागाई नागायोशी यांनी एफेड्रिन हे त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, मग 1924 मध्ये पेकिंगमध्ये (आताचं बीजिंग) चेन आणि श्मिट या संशोधकांनी त्यावरचं काम छापलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगभरचे डॉक्टर दम्याला एफेड्रिन देत होते. श्वासनलिका मोकळी होते हे खरंच आहे. पण त्याच्यासोबत बीपी चढतं, छाती धडधडते, झोप उडते, म्हणून तर पुढे दम्याच्या पंपातली साल्ब्युटामॉलसारखी औषधं आली आणि एफेड्रिन मागे पडलं. अमेरिकेत वजन कमी करायच्या गोळ्यांत इफेड्रा घालून विकत होते, हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यूच्या तक्रारी आल्या आणि 2004 मध्ये असल्या सप्लिमेंटवर बंदी घातली. आपल्याकडेही एफेड्रिन नियंत्रित पदार्थ आहे. हिमालयातली सोमलता याच कुळातली, तेव्हा आयुर्वेदिक चूर्णात ती असेल तरी हाच विचार करायचा.

आता घरातली आई बघा. बीपीची गोळी चालू, त्यात लघवी जास्त होणारं औषध, दम्याचा पंप चालू, आणि वरून हा काढा. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर अंगातलं पोटॅशियम कमी होतं, लघवीच्या गोळीने पण होतं, पंपाचे पफ जास्त झाले तरी होतं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. घरात कोणाच्या मनातही येत नाही की याचा त्याच्याशी संबंध असेल.

सगळ्यात भीती वाटते ती मादोउलिंगची. ही अॅरिस्टोलोकिया नावाच्या वेलीची फळं, चीनमध्ये खोकला आणि धापेला पिढ्यान् पिढ्या दिली गेली. या कुळातल्या अॅरिस्टोलोकिक अॅसिडने किडनी कायमची जाते आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर होतो. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमारास वजन कमी करायला दिलेल्या चिनी औषधात चुकून अॅरिस्टोलोकियाची मुळी आली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. चीनने स्वतः 2020 च्या फार्माकोपियातून, म्हणजे औषधांच्या सरकारी ग्रंथातून, मादोउलिंग काढून टाकलं. हजार वर्षं लोक घेत होते म्हणून सुरक्षित, हे इथेच खोटं ठरतं, कारण किडनीचं नुकसान लगेच दिसत नाही आणि काढ्याशी कोणी जोडतही नाही.

सगळंच असं नाही हेही सांगते. लोक्वाट या फळझाडाची पानं आणि मध घातलेलं काळं दाट सिरप मिळतं, घसा खवखवत असेल तर बरं वाटतं, पण घरघर त्याने जात नाही आणि डायबिटीसवाल्यांनी त्यातली साखर लक्षात घ्यावी. आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं, जे आज कितीतरी कफ सिरपमध्ये असतं, त्यामुळे वनस्पतीला कमी लेखायचा प्रश्नच नाही.

पण कृपा करून पंप बंद करून काढा चालू करू नका. काही घेतच असाल तर बाटली डॉक्टरांना दाखवा, लपवू नका, ते ओरडतील म्हणून पेशंट सांगत नाहीत हे रोज बघते. लेबलवर इफेड्रा किंवा अॅरिस्टोलोकिया दिसलं तर घेऊ नका, आणि सगळं चिनी लिपीतच असेल तर कोण सांगणार आत काय आहे, मग नकोच. दोन दिवसांत दमा गायब करणारी बिनलेबलची पुडी असेल, चायनीज असो की देशी, त्यात स्टिरॉइड घातलेलं असू शकतं.

अन्न व औषध प्रशासनाने ठाणे-नवी मुंबईत आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या असल्या आयात औषधांचे नमुने तपासावेत, आणि ज्यात ही द्रव्यं सापडतील त्यांची नावं आपण मराठीत छापावीत. यादी छापून आली तर मी ती दुकानाच्या काचेवर लावीन.

आपली,
एक फार्मासिस्ट, कोपरखैरणे, नवी मुंबई