बांदोलची तांबडी वाइन आणि मटणाचा दोब

मार्सेय

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या भाच्याने आणून दिलेली तांबडी बांदोल कशाबरोबर प्यावी, असे तू विचारले आहेस. थोडक्यात सांगायचे तर मंद आचेवर तासन् तास शिजलेल्या मटणाबरोबर. पण असे का, हे कळण्यासाठी त्या द्राक्षाचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे.

बांदोल हे दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय आणि तुलाँ यांच्या मधले भूमध्य समुद्राकाठचे लहानसे बंदर असून, त्याच्या पाठीमागच्या टेकड्यांवर दगडी ताली घालून द्राक्षमळे केलेले आहेत. 1941 साली या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. तांबड्या बांदोलमध्ये निदान निम्मा वाटा मूर्वेद्र या वाणाचा असावा लागतो आणि ती किमान 18 महिने लाकडी पिंपांत मुरवावी लागते. मूर्वेद्र मोठे हट्टी वाण आहे: उशिरा पिकते, ऊन भरपूर मागते, आणि त्याला पाय पाण्यात व डोके उन्हात हवे असते, असे इकडचे शेतकरी म्हणतात. फिलॉक्सेराच्या किडीने मळे बसल्यावर लोक सोप्या वाणांकडे वळले होते. मूर्वेद्रला पुन्हा मानाचे स्थान मिळवून देण्यात दोमेन तांपिए या तिथल्या द्राक्षमळ्याच्या ल्युसियाँ पेरो यांचा वाटा मोठा होता. आज मात्र बांदोलमध्ये रोझेच, म्हणजे गुलाबी वाइनच, अधिक होते. ती खपते, हे मान्य. तरी मला त्याची हळहळ वाटतेच.

या द्राक्षाची साल जाड असल्यामुळे वाइनमध्ये टॅनिन, म्हणजे जांभळाने जिभेवर यावा तसला तुरटपणा, पुष्कळ असतो. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि तोंड कोरडे पडते. मांस बराच वेळ शिजले की त्यातल्या स्नायुबंधांचे जिलेटिन होते, रस्सा ओठांना चिकटण्याइतका दाट होतो. मग टॅनिनला धरायला दुसरे काही मिळते आणि एरवी आखडलेली वाइन मोकळी होते. म्हणूनच चटकन भाजलेल्या चरबीविरहित तुकड्यापेक्षा तिला दोब, म्हणजे इकडच्या प्रोव्हान्स प्रांतातले वाइनमध्ये मंद आचेवर शिजवलेले मांस, अधिक मानवतो.

दोब बहुधा गोमांसाचा करतात, पण आव्हिन्यों शहराकडे तो मेंढीच्या मांसाचाही होतो, तेव्हा तुझी अडचण नाही. खांद्याचे मोठे, हाडासकट तुकडे घेऊन कांदा, गाजर, लसूण, तमालपत्र, थाइम आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी यांच्यासह साध्या तांबड्या वाइनमध्ये रात्रभर भिजत ठेव. बांदोल त्यात ओतण्याची उधळपट्टी मुळीच करू नकोस. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या भांड्यात, घट्ट झाकण लावून, रस्सा जेमतेम हलेल इतक्याच आचेवर तीन तास तरी शिजव आणि शेवटी काळी ऑलिव्ह घाल. कुकरची शिट्टी नको. शिळा दोब ताज्यापेक्षा सरस लागतो, म्हणून आदल्या दिवशी केलास तर उत्तमच. वहिनी मटण खात नसतील तर त्यांच्यासाठी लसूण व ऑलिव्ह तेलात परतलेले मशरूम कर.

कोल्हापूरचा तांबडा रस्सा मात्र या बाटलीसमोर आणू नकोस. तिखटाने तुरटपणा आणि मद्याची धग दोन्ही वाढतात, आणि दोघांचेही नुकसान होते. त्या रश्श्याला थंड रोझे चालेल; तिथे ती खरोखर कामाला येते.

बाटली जेवणाआधी दोन तास उघडून सुरईत ओत. सुरुवातीला तबेल्यासारखा वास आला तर बिचकू नकोस, वारा लागल्यावर तो बहुधा ओसरतो आणि काळी फळे, चामडे, ओली माती असे गंध वर येतात. वाइन 17 अंशांच्या आसपास असावी, म्हणून तुमच्याकडच्या उन्हाळ्यात ओतण्यापूर्वी अर्धा तास ती फ्रिजमध्ये ठेवावी लागेल. बाटलीवरचे साल कळव. अगदी अलीकडचे असेल आणि थंड, अंधारी जागा असेल तर आणखी काही वर्षे थांबणे बरे, नसेल तर या दिवाळीतच उघड.

तुझा,
अनंत