पोलिसांचे बळ आणि प्रदेशाची पत

संपादक महोदय,

पोलिसांनी केलेल्या लाठीमाराची, गोळीबाराची किंवा कोठडीतील एखाद्या मृत्यूची बातमी छापून आली की दोन दिवसांच्या आत एक ठरावीक सूर ऐकू येऊ लागतो. ‘एका घटनेवरून साऱ्या प्रदेशाची बदनामी करू नका, बाहेरचे उद्योजक काय म्हणतील, पर्यटक काय म्हणतील,’ असे व्यापारी संघटना म्हणतात, लोकप्रतिनिधी म्हणतात आणि पुष्कळदा आपण वाचकही म्हणतो. या सुरामागची काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. प्रदेशाची पत ही खरी गोष्ट आहे, ती मिळवायला पिढ्या लागतात आणि तिच्यावर हजारोंची पोटे अवलंबून असतात. मात्र यात कार्यकारणाची उलटापालट होते, असे मला वाटते. पत जाते ती घटनेने, आणि त्यानंतर सरकारी यंत्रणा जे बोलते व जे दडवते त्याने. बातमीदाराचा त्यातील वाटा सर्वांत कमी असतो.

अमेरिकेतील बर्मिंगहॅमचे उदाहरण पाहावे. अलाबामा राज्यातील या पोलादाच्या शहरात १४ मे १९६१ रोजी, बसप्रवासातील वर्णभेद मोडून काढण्यासाठी निघालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या प्रवाशांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी दहशती संघटनेच्या टोळीने बसस्थानकात बेदम मारले. पोलिसांचे मुख्यालय जवळच होते, तरी पोलीस पोहोचले ते मारहाण आटोपल्यावर, कारण टोळीला पंधरा मिनिटे मोकळीक द्यायची हे आधीच ठरलेले होते. पोलीस खाते ज्यांच्या हाती होते त्या बुल कॉनर यांनी खुलासा केला तो असा, की त्या दिवशी मातृदिन असल्याने बरेच पोलीस सुट्टीवर होते. त्याच महिन्यात शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सचे, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचे, नियोजित अध्यक्ष सिडनी स्मायर रोटरीच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनासाठी टोकियोत होते. बसस्थानकातील मारहाणीचे छायाचित्र तिथल्या वर्तमानपत्रांत झळकले आणि जपानी उद्योजकांचा त्यांच्याशी बोलण्याचा नूरच पालटला. स्मायर स्वतः वर्णभेदाचे समर्थक होते, त्यामुळे त्यांना एकाएकी न्यायाचा उमाळा आला असे समजण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या वर्षी कॉनर यांच्या हातातून कारभार काढून घेण्यासाठी शहराची शासनपद्धतीच बदलण्याची जी मोहीम झाली, तिच्यात ते पुढे होते. मे १९६३ मध्ये कॉनर यांनी शाळकरी मुलांच्या मोर्चांवर कुत्रे आणि अग्निशमन दलाचे पाण्याचे झोत सोडले, तेव्हा कृष्णवर्णीय नेत्यांशी वाटाघाटी करणाऱ्या गोऱ्या व्यावसायिकांतही तेच आघाडीवर होते.

१९५०च्या जनगणनेत बर्मिंगहॅम आणि शेजारच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा ही दोन्ही शहरे लोकसंख्येने जवळजवळ बरोबरीची, प्रत्येकी सव्वातीन लाखांच्या आसपास होती. पुढे अटलांटा कुठच्या कुठे गेले. त्यामागे विमानतळ आहे, पोलाद उद्योगाची उतरती कळा आहे, आणखीही कारणे आहेत. सगळे खापर पोलिसी कुत्र्यांच्या माथी फोडणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. तरीही अटलांटाचे महापौर आपल्या शहराला द्वेष करायला सवड नाही, अशी जाहिरात करीत होते, आणि त्या वेळी बर्मिंगहॅमची जगाला दिसणारी प्रतिमा कोणती होती, हे वेगळे सांगायला नको. या प्रकरणातील एक बाजू सहसा नजरेतून सुटते. १९६१ मध्ये पोलिसांनी बळ वापरले नाही म्हणून शहराची नाचक्की झाली आणि १९६३ मध्ये वापरले म्हणून. लोक बळाचे प्रमाण मोजत बसत नाहीत. ते कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरोधात उभे राहते, हे पाहतात.

दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल या वस्तीचे नाव २१ मार्च १९६० पूर्वी देशाबाहेर कोणी ऐकले असण्याचे कारण नव्हते. त्या दिवशी, कृष्णवर्णीयांना सतत परवाना जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याच्या विरोधात पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि सरकारी आकड्यानुसार ६९ माणसे मेली. जमावाने हल्ला केला, असे सरकार सांगत राहिले. परंतु अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या, म्हणजे ते पळत होते, आणि जगाने खुलाशापेक्षा जखमांवर विश्वास ठेवला. १ एप्रिल रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठराव झाला, परकीय भांडवल देशाबाहेर जाऊ लागले आणि सरकारला भांडवलावर निर्बंध घालावे लागले. छत्तीस वर्षांनी, १० डिसेंबर १९९६ रोजी, नेल्सन मंडेला यांनी देशाच्या नव्या राज्यघटनेवर स्वाक्षरी केली ती याच शार्पव्हिलमध्ये. या गावाचे नाव झाकून ठेवले तर देशाची शान राहील, असे नव्या राज्यकर्त्यांना वाटले नाही.

आपल्या देशातही असे घडले आहे. बिहारमधील भागलपूर टसर रेशमासाठी ओळखले जात होते. १९७९-८० मध्ये तिथे तीसहून अधिक कैद्यांचे डोळे पोलिसांनी फोडून त्यांत आम्ल ओतले आणि त्यानंतरच्या एका संपूर्ण पिढीला ते गाव रेशमासाठी नव्हे, तर या कृत्यासाठी आठवू लागले. त्या वेळी स्थानिकांपैकी अनेकजण पोलिसांच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. गुंडगिरीने ते गांजले होते, न्यायालयांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या गुन्ह्यातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मरण पावले, तेव्हाही पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने ती चकमक बनावट ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी आयोगाचा अहवाल वाचला असेल, कोण जाणे. घरच्या टाळ्या आणि बाहेरची पत यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही, आणि टाळ्या थांबल्यावर जे उरते ते त्या प्रदेशातील सामान्य माणसाला निस्तरावे लागते: परगावी खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला, उधारीवर माल मागणाऱ्या व्यापाऱ्याला, आपण कुठले हे सांगताना आधी समोरच्याचा चेहरा पाहणाऱ्या मजुराला. अधिकाऱ्याची बदली होते, गावाची होत नाही.

पत ही केवळ भावनेची बाब आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी परदेशी न्यायालयांकडे पाहावे. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकली गेली. त्या प्रकरणातील एका डॅनिश आरोपीला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, कारण इथे त्याचा छळ होण्याचा धोका आहे, असे न्यायालयाचे मत पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने करचुकवेगिरी व आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात भारताला हव्या असलेल्या एका आरोपीच्या प्रत्यार्पणाला नकार देताना अशाच कारणांचा आधार घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, परंतु त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. थोडक्यात, कुठल्याशा ठाण्यात साध्या चोराला उलटे टांगण्याची जी रीत चालू राहते, तिचा फायदा हजारो मैलांवर बसलेल्या बड्या आरोपीला मिळतो. पोलिसांचे हात बांधू नका, असे म्हणणाऱ्यांनी या विचित्र हिशेबाचे उत्तर द्यायला हवे.

नियमांची वाण आहे, असेही नाही. कायद्याने दिलेले, अपरिहार्य असलेले, प्रसंगाच्या प्रमाणात असलेले आणि ज्याचा जाब देता येईल असेच बळ वापरावे, ही तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने १९९० मध्ये हवाना येथे मान्य केली. आपल्या कायद्यातही अटक केलेल्या माणसाला तो पळून जाऊ नये इतकाच अटकाव करण्याची मुभा आहे, त्याहून अधिक नाही. कोठडीतील मृत्यूची माहिती चोवीस तासांत कळवावी, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ मध्येच बजावले. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातील निकालाने अटकेची कार्यपद्धती घालून दिली, २०१४ मध्ये चकमकींच्या चौकशीचे नियम आले, २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात ध्वनिमुद्रणाची सोय असलेले सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश झाला आणि २०२५ मध्ये ते कॅमेरे चालू नसल्याची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. नेमके हवे त्या वेळचे चित्रीकरण उपलब्ध नाही, हे उत्तर इतके सवयीचे झाले आहे की त्याचे आता कोणाला नवलही वाटत नाही.

घटनेनंतरचे पहिले निवेदन हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरात एका पोलिसाने जमिनीवर पाडलेल्या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला आणि तो माणूस मेला. पोलीस खात्याच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. संशयिताने प्रतिकार केला, बेड्या घातल्यावर त्याची प्रकृती बिघडल्याचे दिसले आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला, एवढाच मजकूर होता. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रीकरण केले नसते तर तेच निवेदन कायमचे सत्य ठरले असते. त्या पोलिसाला पुढे खुनाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. परंतु शहराच्या नावाला चिकटलेला डाग केवळ त्याच्या गुडघ्याचा नाही, तर त्या कोरड्या निवेदनाचाही आहे, कारण एका माणसाचे कृत्य त्या निवेदनाने साऱ्या खात्याचे करून टाकले.

गेलेली पत परत मिळवता येते का, या प्रश्नाचे उत्तर उत्तर आयर्लंडने काही प्रमाणात दिले आहे. प्रोटेस्टंट-कॅथलिक संघर्षाने पोळलेल्या तिथल्या रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलात कॅथलिक जेमतेम आठ टक्के होते आणि कॅथलिक वस्त्यांना ते दल परक्यांचे वाटे. पोलीस सुधारणांसाठी नेमलेल्या पॅटन आयोगाने १९९९ मध्ये १७५ शिफारशी केल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये दलाचे नाव आणि बोधचिन्ह बदलले, नव्या भरतीत निम्मे कॅथलिक घेण्याचा नियम दहा वर्षे पाळला गेला, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या तपासासाठी पोलिसांपासून पूर्ण स्वतंत्र असे लोकपाल कार्यालय उभे राहिले. २०११ पर्यंत दलातील कॅथलिकांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. हे सुखासुखी झाले नाही. त्या दलाचे सुमारे ३०० पोलीस दहशतवादी हल्ल्यांत मारले गेले होते आणि ज्या नावासाठी आपला माणूस गेला तेच नाव पुसले जाते, याचे त्यांच्या कुटुंबीयांना झालेले दुःख खरे होते. पोलिसांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे हे म्हणणे मला मान्य आहे की संयमाने हाताळलेल्या शंभर मोर्चांची बातमी होत नाही. अपुरी झोप, तुटपुंजे मनुष्यबळ आणि वरून येणारे तोंडी आदेश यांचा हिशेब कोणी मांडत नाही. तोंडी आदेश देणारा तर चौकशीत कधीच सापडत नाही, आणि निलंबित होतो तो बहुधा हवालदार. म्हणूनच स्वतंत्र तपासयंत्रणा ही पोलिसांच्याही हिताची आहे. सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्येच राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला होता. बऱ्याच राज्यांनी तो अर्धवट पाळला, आणि जिथे प्राधिकरणे आहेत तिथेही ती कुठे बसतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

शेवटी वृत्तपत्रांकडे एक मागणे आहे. ‘चौकशीचे आदेश दिले’ या वाक्यावर पोलिसी बळाच्या बहुतेक बातम्या संपतात. चौकशी कोणाकडे सोपवली, तिला मुदत किती होती, ती पूर्ण झाली का, अहवाल विधिमंडळापुढे आला का आणि त्यावर कोणती कारवाई झाली, हे वाचकाला पुढे कधीच कळत नाही. आपल्या दैनिकाने अशा प्रत्येक आदेशाची नोंद ठेवावी आणि मुदत उलटल्यावर त्याची स्थिती छापावी, अशी विनंती आहे. त्यासाठी अग्रलेखाची किंवा मोठ्या मथळ्याची गरज नाही. महिन्यातून एकदा, आतल्या पानावर, एक चौकट पुरेल.

आपला,
एक वाचक