आधी सळई तपासा, कॅफे-वाचनालयाचं नंतर बघू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या बागेतल्या अर्धवट बांधकामाचं काय करायचं, यावर नागरिकांची मतं मागवल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. कॅफे, वाचनालय, व्यायामशाळा, नाहीतर पाडून सपाट करणं, असे चार पर्याय दिलेत. मी रोज त्या जागेला दोन चकरा मारतो, आणि निम्मं आयुष्य साइटवर काढलंय, म्हणून लिहितोय. प्रश्नच उलट्या टोकाने विचारलाय.

तिथे आहे काय, तर गुडघाभर जोतं आणि बारा कॉलम. स्लॅब पडलाच नाही. टोकाचे दोन कॉलम कमरेइतके भरून सोडलेत. त्यांच्या सळया बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला येतात. काम थांबवताना कुणी त्यांच्यावर सिमेंटची स्लरी फासली असती, तर आज त्या इतक्या खाल्ल्या गेल्या नसत्या. कोपऱ्यातल्या कॉलमच्या पायथ्याशी खडी उघडी पडलीय, म्हणजे ओतताना काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरवलेला नाही. तिच्या वर वीतभर उभी भेग आहे. परवा नखाने खरवडली तर टवका हातात आला, आत सळईला पापुद्रे सुटलेले. लोखंड गंजलं की मूळच्या दोन ते सहापट जागा मागतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. ही भेग गिलावा मारून बुजणारी नव्हे.

काँक्रीटमधला चुना सळईला गंजापासून राखतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, तसा हा गुण ओसरतो. किती ओसरला ते कळायला महिने लागत नाहीत. ताजा टवका उडवायचा आणि उघड्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारायचं. गुलाबी झालं तिथवर चुना शाबूत, रंग धरला नाही तिथे संपला. रंग न धरलेला थर सळईला टेकला असेल, तर त्या कॉलमवर छप्पर घालायच्या आधी दहादा विचार करावा. जोडीला दोन-चार कोर, म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढा, ठोका देऊन पृष्ठभागाचा कठीणपणा सांगणारा रिबाउंड हॅमर फिरवा, आणि मूळ नकाशे शोधा. पाया किती भारासाठी घातला होता हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. हे काही हाताशी नसताना वाचनालयाला मत द्यायचं ते कशाच्या भरवशावर?

सिअॅटलमध्ये जुन्या गॅस कारखान्याचं १९७५ साली उद्यान झालं. तिथल्या बॉयलर हाउसमध्ये लोक सावलीला बसतात, पंप-कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये मुलं खेळतात. उंच मनोरे मात्र कुंपणाआडच ठेवलेत. मला त्यातलं कुंपणच जास्त आवडतं. जे वापरता येईल ते वापरलं, जे नाही ते फक्त बघायला ठेवलं, सगळ्याचं एकदम काहीतरी करायची घाई नाही. जर्मनीतल्या डुइसबुर्गला १९८५ साली बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचं असंच उद्यान केलंय. तिथे गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक स्कूबा डायव्हिंगचा सराव करतात आणि खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात. वास्तू जशी होती तसा तिचा उपयोग शोधला.

आपल्या जोत्याचा उपयोग तर लोकांनी कधीच शोधलाय. सकाळी पूर्वेच्या कडेवर ज्येष्ठांची बैठक भरते, कारण तिथे नऊपर्यंत झाडाची सावली असते. संध्याकाळी दोन कॉलमांचा गोलपोस्ट होतो. कॅफे आला की याच कडेवर टेकायला आधी काहीतरी मागवावं लागेल. व्यायामशाळेला भिंती आणि कुलूप लागतं, म्हणजे किल्ली कुणाकडे हा वाद आलाच. बागेत स्वच्छतागृह नाही, हे मात्र चार पर्यायांत कुणालाच सुचलेलं नाही.

पाडायचंही माझ्या पचनी पडत नाही. ब्रेकर लावला की राडारोडा नेणाऱ्या गाड्या झाडांच्या मुळांवरूनच जाणार. शिवाय जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा. ते एकदा ओतून झालंय, फोडून परत मिळत नाही. माझं म्हणाल तर स्लॅब घालूच नका. तपासणीत टिकतील त्या कॉलमांवर तारा ताणून वेली चढवा. नापास होतील ते कापून काढा आणि त्यांचा चुरा करून पायवाटेखाली भरा. जोतं आहे तसं राहू द्या, फक्त चढायला एका बाजूने उतार करा, म्हणजे व्हीलचेअरही वर येईल. भराव एव्हाना आपसूक दबून बसलाय, काम रखडल्याचा तेवढाच काय तो फायदा!

मतं मागवण्याची मुदत वाढवावी, आणि त्याआधी तपासणीचा अहवाल व नकाशे बागेच्या फाटकावर लावावेत, एवढी विनंती आपल्या पत्रातून पोचवावी. अहवाल येईल तेव्हा येईल. तोवर त्या दोन कॉलमांच्या सळयांना टोपणं घाला आणि कोपऱ्यातल्या कॉलमभोवती दोन बांबू आडवे बांधा. मुलं त्यालाच पाठ टेकून बसतात.

आपला,
साइटवरून निवृत्त झालेला एक वाचक