डिस्चार्ज मिळाला, आता जायचं कुठे? आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उघडलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. उपचार इथे चांगले होतात. मी लिहितेय ते पुढच्या महिन्यांबद्दल, घर नसलेल्या पेशंटच्या.

स्टेशनबाहेर झोपणारे एक काका मधुमेही आहेत. पायाची दोन बोटं काढावी लागली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं: पाय कोरडा ठेवा, झोपताना उंच ठेवा, दिवसाआड ड्रेसिंग. महिना जूनचा. केसपेपर आणि गोळ्या एकाच पिशवीत, पिशवी उशाला. एका रात्रीच्या पावसात गोळ्या भिजल्या, पट्टीत चिखल गेला, जखम चिघळली आणि काका परत वॉर्डात. औषधात कसूर नव्हती. ते ठेवायला कोरडी फळी नव्हती, एवढंच.

टीबीचंही तसंच. साधा टीबी असला तरी गोळ्या ६ महिने चुकवायच्या नाहीत. मधेच सुटल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. रोज उठवून लावल्या जाणाऱ्या माणसाला आरोग्यसेविकेनं शोधायचं कुठे? टीबी पेशंटच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात, आणि खातं उघडायला गेलं की पत्त्याचा प्रश्न येतोच.

शहरी बेघरांच्या योजनेचा निकष होता लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी निवारा, तोही २४ तास चालणारा. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पाच लाखांवर होतं. निवारे हवेतच. पण रात्रीपुरत्या पथारीवर जखम भरत नाही. फिनलंडने २००८ पासून उलटा क्रम लावला: आधी भाडेकराराचं घर, मग उपचार आणि व्यसनमुक्ती. दारू सोडलीस तरच खोली, अशी अट नाही. मला हे पटतं, कारण उघड्यावर रात्र जागून काढणाऱ्याला आपण आधी सुधारून दाखव म्हणतो, हा अन्याय आहे. आपल्याकडेही मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (कलम १९) सांगतो की केवळ घर नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही.

दवाखान्यांजवळ दहा खोल्या भाड्याने घ्या. तळमजल्यावर, संडास आतच, दाराला कुलूप. डिस्चार्जआधीच दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांनी आपल्या कार्यालयाला कळवावं आणि किल्ली पेशंटच्याच हातात द्यावी. मुदत किमान उपचार संपेपर्यंत, आणि त्यानंतर काम व कायमची जागा मिळेपर्यंत. हे पावसाळ्याआधी व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
मिरजेतील एक रहिवासी