खांदेदुखीचे कागद नीट भरा राजेहो

दवाखान्यात पेशंटच्या कागदाची एन्ट्री करणाऱ्या सगळ्या भाऊ-ताईंनो, कापूस वेचाई लागली का खांदेदुखीचे पेशंट येतेच, पण नुसतं 'खांदा दुखते' लिहून एम ७५ (खांद्याच्या दुखण्याचा मोघम कोड) टाकून मोकळे होऊ नका. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडाच्या जागतिक यादीत, रोटेटर कफचं (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचं) दुखणं एम ७५.१, बायसेप्सच्या (दंडाच्या पुढच्या स्नायूच्या) टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाले जोडणाऱ्या दोरीची सूज एम ७५.२, टेंडनमंदी कॅल्शियम जमलं असन तर एम ७५.३. बैलानं झटका देल्ला, पडला, असं होऊन स्नायू नाहीतर टेंडन फाटलं असन तर ते एस ४६ मंदी जाते. या कोडात डावा-उजवा येत नाही, म्हणून डॉक्टरसाहेबाकडून कागदावरच लिहून घ्या, कधीपासून दुखते, हात कुठवर उचलते, सोनोग्राफीत काय दिसलं तेबी. माही एक फाईल याच्यापायीच वापस आली होती. अन् अंदाजानं कोड नका टाकू बापा, डॉक्टरलेच विचारा.