होडयेक इंजान खंय आसा गो?

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण घरी येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही काकींना "चाय ठेव गो" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. दोनदा झालंय तसं. तुमच्याकडे साधा फोन, म्हणजे काकीच हे वाचून दाखवणार. त्यांना सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

गेल्या जूनमध्ये मी मालवणला आले तेव्हा पत्रकारितेचं दुसरं वर्ष संपलं होतं. लिंक्डइनवर नावाखाली 'पत्रकार, स्टोरीटेलर, कंटेंट क्रिएटर' अशी ओळ होती आणि छापून आलेली बातमी एकही नव्हती. ती ओळ मी दीड हजार रुपये भरून केलेल्या एका कार्यशाळेत शिकले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरलात आणि म्हणालात, "ह्या वाचून तू काय करतंस ता कळाक नाय." मला रागच आला. तीस वर्षं तालुक्याच्या बातम्या पाठवणाऱ्यांना ऑनलाइनचं काय कळतंय, असंही मनात आलं. आता सांगून टाकते.

मग ती बातमी. मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावरून सकाळी एक होडी पाण्यात जाताना दिसली. फोटो काढला आणि घरी येऊन मथळा ठोकला, 'बंदी धाब्यावर, मासेमारी सुरूच!' १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे शाळेपासून पाठ. दुपारपर्यंत फोटो गावभर फिरला, आणि मी दर पाच मिनिटांनी लाइक मोजत होते. संध्याकाळी तुम्ही फोटो मोठा करायला लावलात, होडीच्या मागच्या टोकावर बोट ठेवलंत. "होडयेक इंजान खंय आसा गो?"

नव्हतंच. दोन वल्ही होती. बंदी यांत्रिक नौकांना असते, वल्ह्यांच्या होडीला नाही. मी बंदीचा आदेश उघडूनही पाहिला नव्हता, तेही मालवणात वाढलेली असून. आणि फोटोत त्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

मी पोस्ट उडवायला निघाले तर तुम्ही हात धरलात. "काढू नको. काय चुकला ता लिही." फोटो तेवढा काढायला लावलात. वर तारीख, वेळ, मी काय लिहिलं होतं आणि खरं काय, असं चार ओळींत. त्या चार ओळी लिहायला मला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी मला त्या होडीवाल्यांच्या दारापर्यंत नेलंत आणि स्वतः माडाखाली थांबलात. ते फारसं बोललेच नाहीत. त्यांची बायको एवढंच म्हणाली, "ह्येंचो फोन कालपासून वाजता." लोक काय विचारत असतील ते तिने सांगितलं नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे मी तुमच्या मागे वही घेऊन फिरले. नाव ऐकून लिहायचं नाही, ज्याचं त्याला वहीत लिहायला सांगायचं. आदेश तळापासून वाचायचा: आधी सही आणि तारीख, मग विषय. तुम्ही बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचात आणि गाडी सुटेपर्यंत स्टँडवर उभे राहून मजकूर पुन्हा पुन्हा वाचायचात, कारण गाडी सुटली की चूकही सुटली. आता 'पोस्ट'वर बोट टेकवताना मला ती लाल गाडी आठवते. बऱ्याचदा बोट उचलते.

आणि पोंभुर्लं. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, तुमच्या मोटारसायकलवर, तळेऱ्याला चहा. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्यांनी १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' सुरू केलं, हे परीक्षेसाठी पाठ होतंच. पण त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असायचं, यावर मी कधी थांबून विचार केला नव्हता. तुम्ही परतताना सहज म्हणालात, तुझ्या ऑनलाइनच्या पानावर तसं कर की.

केलं. आता पानावर नावाखाली एकच ओळ आहे: 'मालवण परिसरातील मासेमारी, बंदर आणि ग्रामपंचायतींच्या बातम्या'. खाली सातच बातम्या, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी गोषवारा, कात्रणावर तारीख आणि पान क्रमांक. वर्गातल्यांना ते पान फारच रिकामं वाटतं. मार्चमध्ये मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकातून इंटर्नशिपसाठी फोन आला. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, उजवा स्तंभ वाचला होता. मुलाखतीत सर्वात आधी विचारलं ते त्या चार ओळींच्या दुरुस्तीबद्दल. मला घाम फुटला, पण होडीसकट सगळं सांगितलं. जागा मिळाली. ती दुरुस्तीमुळे की दुरुस्ती असूनही, हे विचारायचं धाडस झालं नाही.

काका, मनापासून आभार. आता चहा मागवा खुशाल.

तुमची,
वही घेऊन फिरणारी

ता. क. पोंभुर्ल्याच्या पेट्रोलचे पैसे माझ्याकडे बाकी आहेत. नारळी पौर्णिमेला येतेय तेव्हा देते. नको म्हणू नका.